अंतराचं दुसरं टोक

“नवऱ्यासाठी रडावं का भावासाठी, हेच बाईले समजून नाही राह्यलं.”

शवागाराच्या दाराबाहेर हवालदार मेश्राम कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते. मी आत ग्लोव्हज चढवत होते. दार पूर्ण लागत नाही, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येतं. फटीतून बाकावर बसलेली बाई दिसली. तिशीतली असावी. डोक्यावर पदर, पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला. ती रडत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत होती.

तिचा नवरा गजानन माझ्या टेबलवर होता. तिचा धाकटा भाऊ प्रफुल बाहेर पोलिसांच्या गाडीत बसवलेला होता. मेव्हण्यानेच भाऊजींना गोळी घातली, असा पोलिसांचा संशय होता. तो संशय पक्का करायचा की नाही, हे ज्या कागदावरून ठरणार होतं त्यावर सही माझी होणार होती.

मी फॉरेन्सिक मेडिसिनची डॉक्टर आहे. माणूस कसा मेला ते शरीर बघून सांगणं, हे आमचं काम. आमचं घर यवतमाळजवळच्या नेरचं. अब्बांचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. नातेवाईक विचारतात, मुलगी काय करते? अब्बा म्हणतात, “सरकारी डॉक्टर है,” आणि लगेच चहा मागवतात. पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी दुकानाच्या काउंटरमागे बसून शिकले, म्हणजे बरीचशी ऐकून. बोलण्यापेक्षा ऐकणं मला अजूनही सोपं जातं. ही शाखा निवडताना तेही मनात असेल. इथे पेशंट काही बोलायला लावत नाहीत.

त्यांच्याबरोबर आलेले लोक मात्र लावतात. त्या दिवशी तपास करणारे एपीआय गावंडे आले होते. मारेगाव तालुक्यातलं गाव, जंगलाला लागून शेत. गोळीचं प्रकरण म्हणून बॉडी थेट यवतमाळला आमच्याकडे पाठवलेली. गावंडे साहेब चांगला माणूस. घाईत होते, पण उद्धट नव्हते. त्यांनी मला सगळं उभ्याउभ्या सांगितलं.

कपाशी आणि तुरीच्या शेतात रानडुकरं येतात. म्हणून रात्री शेतावर राहून राखण करायची. याला आपल्याकडे जागल म्हणतात. गजानन आणि प्रफुल दोघं जागलीला गेले होते. गजाननच्या वडिलांच्या नावावर पीकरक्षणासाठी मिळालेली एक जुनी भरमार बंदूक होती. भरमार म्हणजे जिच्या नळीत पुढून दारू आणि छर्रे ठासून भरतात ती. पहाटे गोळी सुटली. शेजारच्या शेतातल्या जागल्याने आवाज ऐकला. डुकरावर मारली असेल म्हणून तो आधी उठलाच नाही. मग प्रफुलची हाक आली. तो पोहोचला तेव्हा गजानन टिनाच्या शेडमध्ये कापसाच्या ढिगाजवळ पडलेला होता. गेलेला होता.

“आवाज आणि हाक यांच्यात बराच वेळ गेला,” गावंडे म्हणाले. “तेवढा वेळ हा पठ्ठ्या काय करत होता, ते सांगत नाही. बंदूक ढिगाच्या मागे लपवलेली सापडली. याचे दोन्ही हात भाजलेत. आणि भाऊबिजेला दोघांची बाचाबाची झालेली. बहिणीला माहेरी पाठवत नाही म्हणून. अख्ख्या गावाने ऐकलीय.”

“तो काय म्हणतो?” मी विचारलं.

“मले काही माहीत नाही. एवढंच. कालपासून एकच वाक्य. मॅडम, मला बाकी काही नको. फक्त रेंज लिहून द्या. लांबून मारली की जवळून. जवळून असेल तर ॲक्सिडेंट म्हणून बघतो. लांबून असेल तर आज संध्याकाळी अटक.”

रेंज म्हणजे नळीचं तोंड आणि शरीर यांच्यातलं अंतर. ते कसं ओळखतात, हे सोपं करून सांगते. बंदूक उडाली की नळीतून छर्ऱ्यांबरोबर धूर, काजळी आणि न जळलेल्या दारूचे कण बाहेर पडतात. नळी शरीराला टेकलेली किंवा अगदी जवळ असेल, तर जखमेभोवती काळं होतं. थोडी लांब असेल तर काजळी पोहोचत नाही, पण दारूचे कण कातडीत घुसतात. गोंदल्यासारखे ठिपके दिसतात. आम्ही त्याला टॅटूइंगच म्हणतो. त्याहून लांब असेल तर यातलं काहीच नसतं. फक्त छर्रे येतात. आणि जितकं लांब, तितके ते एकमेकांपासून पसरतात.

मी गजाननचं पोस्टमॉर्टेम केलं. छातीच्या डाव्या बाजूला एक मोठं भोक, कडा कुरतडल्यासारख्या. त्याच्याभोवती सुट्या छर्ऱ्यांची लहान भोकं. काजळी नाही. टॅटूइंग नाही. शर्ट मागवून बघितला. त्यावरही नाही. एक्स-रेमध्ये छर्रे पांढऱ्या ठिपक्यांसारखे पसरलेले. पुस्तकाप्रमाणे उत्तर स्पष्ट होतं. लांबून.

एकच गोष्ट खटकत होती. जखमेच्या वाटेत कापूस होता. काळपट झालेला, रक्तात भिजलेला. मी तो चिमट्याने काढून ट्रेमध्ये ठेवला.

“भरमारमध्ये दारूवर बोळा ठासतात ना,” गावंडे म्हणाले. “चिंधी, काथ्या, कापूस, जे हाताशी असेल ते. तोच गेला असेल आत.”

हे पटण्यासारखं होतं. मी मान हलवली. कापूस बोटांनी चिमटून बघितला. आत काहीतरी टणक लागलं. सरकी होती. फुटलेली.

मी आमच्या एचओडी सरांकडे गेले. सर दुसऱ्या दिवशी एका जुन्या खटल्यात साक्षीला जाणार होते, त्याची फाईल वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं. सर फाईलमधून वर न बघता म्हणाले, “मग काय लिहिणार?”

“डिस्टंट रेंज, सर.”

“जागा पाहिलीस?”

“नाही, सर. फोटो पाहिले. पंचनामा वाचला.”

“फोटोत पोलिसांना जे महत्त्वाचं वाटलं ते असतं.” आता त्यांनी चष्मा काढला. “निलोफर, अंतराला दोन टोकं असतात. तुझ्या टेबलवर एकच आलंय. दुसरं टोक न बघता अंतर कसं लिहिशील?”

गावंडे साहेब माझ्यामागून आले होते. ते म्हणाले, “सर, बंदूक आहे ना आमच्याकडे. दुसरं टोक तेच.”

“बंदूक कुठे होती हे तुमच्याकडे आहे, साहेब. ती तिथे ठेवली, की तिथेच उडाली, हे कुणाकडे आहे? आणि बोळा ठासायला कुणी सरकीसकट कापूस घेतो का?”

“माणूस कापसाच्या ढिगावर पडला होता, सर. चिकटला असेल.”

“चिकटला तर अंगाला चिकटेल. छातीच्या आत कसा जाईल?”

सर माझ्याकडे वळले. “उद्या मी कोर्टात आहे. तू जा.”

“एकटी, सर?”

“पोलीस आहेत की बरोबर.”

मला पोलिसांचं काही वाटत नव्हतं. अनोळखी गावात, पंधरा माणसांसमोर मला काहीतरी विचारावं लागेल, हे वाटत होतं. ते मी सरांना बोलले नाही. मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

गावंडे साहेबांचे आभार मी इथेच मानते. एखादा म्हणाला असता, डॉक्टरांनी टेबल सांभाळावं, शेत आम्ही बघतो. कायदाही त्यांना मला न्यायला भाग पाडत नव्हता. ते म्हणाले, “ठीक आहे मॅडम. अटक एक दिवस थांबवतो. पण सकाळी लवकर.”

जाण्याआधी प्रफुलची तपासणी करायची होती. कुणालाही संशयावरून धरलं की त्याच्या अंगावरच्या खुणा आम्हाला नोंदवाव्या लागतात. पंचविशीचा मुलगा. बारीक अंगाचा. मी हात पुढे करायला सांगितले. दोन्ही तळव्यांवर आणि बोटांच्या पेरांवर फोड आलेले होते. दोन्ही हात सारखेच. मी ते बराच वेळ बघत राहिले. बंदूक भडकली तर एखाद्या हाताला चटका बसेल. गालाला बसेल. दोन्ही तळहात असे सारखे भाजतात ते काहीतरी गरम वस्तू घट्ट धरून ठेवली तर.

“हे कशानं भाजलं?” मी विचारलं.

त्याने दाराकडे बघितलं. दारापलीकडे बाकावर त्याची बहीण होती. “मले काही माहीत नाही,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी नेहमीच्या सपाट चपला घालून गेले होते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाडी थांबली तेव्हा हवालदार मेश्रामांनी माझ्या पायांकडे बघितलं.

“मॅडम, हे चप्पल घालून ढेकलात गेल्या, त संध्याकाळी चपलीचं पीएम करावं लागन.”

त्यांनी गाडीतून स्वतःचे गमबूट काढून दिले. मला ते दोन्ही पाय एकात जातील एवढे मोठे होते. मी मुकाट्याने घातले. शेतभर मी बदकासारखी चालले, पण चालले.

टिनाचं शेड लहान होतं. एका बाजूला वेचलेल्या कापसाचा ढीग. ढिगाला लागून, त्याच्याच ओळीत, कापसाने भरलेले बोरे, म्हणजे पोती, उभे करून ठेवलेले. या सगळ्याच्या आणि मागच्या टिनाच्या मधे माणूस आडवा शिरेल एवढी जागा. तिथे बंदूक सापडली होती. ढिगाजवळ, बोऱ्यांच्या पुढे, जमिनीवर चुन्याने आखलेली बॉडीची जागा.

गावंडे दारात उभे राहिले. “आमच्या मते मारणारा इथे उभा होता. गजानन तिथे, ढिगाजवळ. गोळी घातली, बंदूक मागे टाकली.”

मी दारात जाऊन उभी राहिले. मग ढिगाजवळ जाऊन उभी राहिले. टिन बघितलं. पसरलेल्या छर्ऱ्यांतला एखादा तरी चुकून मागच्या टिनावर बसला असेल असं वाटत होतं. टिन कोरं होतं. हा पुरावा नव्हे. पण मी पुढे बघत राहिले.

मग मी ढिगाच्या मागे शिरले. बंदूक जिथे टेकलेली सापडली, तिथे टिनाच्या पत्र्यावर, साधारण माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, काळा फराटा होता.

“चुलीची काजळी असन,” मेश्राम म्हणाले. “जागलीवर चहा करतेत.”

चूल शेडच्या बाहेर होती. मी ओल्या कापसाच्या बोळ्याने तो फराटा थोडा पुसला आणि वास घेतला. सडक्या अंड्यासारखा. काळ्या दारूचा वास असा असतो. भरमार उडते तेव्हा नळीच्या तोंडाशी जसा भडका होतो, तसा मागे घोड्यापाशीही थोडा होतो. घोडा म्हणजे बारुदाच्या इवल्या टोपीवर आपटून ठिणगी पाडणारा लहान हातोडा. बंदूक दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडी टोकावर, उभी ठेवली तर घोडा याच उंचीवर येत होता.

म्हणजे बंदूक मागे टाकलेलीच नव्हती. ती तिथे उभी असतानाच उडाली होती.

मी बाहेर आले. हे मोठ्याने सांगायला हवं होतं. मी बोळा गावंडे साहेबांच्या नाकासमोर धरला. त्यांनी वास घेतला. ढिगामागे बघितलं. मग चुन्याच्या खुणेकडे.

“इथून उडाली तर तो अगदी जवळ होता,” ते म्हणाले. “मग काजळी कुठे गेली? शर्ट तर साफ आहे.”

तोच प्रश्न होता. मधे काहीतरी होतं आणि आता ते नव्हतं. मी बोऱ्यांची ओळ बघितली. सगळे बोरे खांद्याला खांदा लावून उभे. बंदुकीच्या बरोबर समोर, एका बोऱ्याची जागा रिकामी.

“इथला बोरा कुठे आहे?”

कुणालाच माहीत नव्हतं. पंचनाम्यातही नव्हता. नसलेल्या वस्तूचा पंचनामा कोण करतो?

मी शेडच्या बाहेर येऊन उभी राहिले. कपाशीच्या शेतात जिकडे बघावं तिकडे पांढरं. पण मधेमधे तुरीच्या ओळी होत्या. तुरीला कापूस लागत नाही. तरीही शेडपासून एका बाजूला, तुरीच्या झाडांना, गुडघ्याच्या उंचीवर, कापसाचे पुंजके अडकलेले दिसत होते. मी एक काढून बघितला. कडा काळ्या. जळलेल्या. पुढच्या झाडाला दुसरा. त्याच्या पुढे आणखी एक.

मी त्यांच्या मागे चालत गेले. मेश्राम माझ्या मागे, गावंडे त्यांच्या मागे. ती ओळ फवारणीच्या पाण्यासाठी बांधलेल्या टाक्यापाशी संपली. टाक्यात शेवाळलेलं पाणी होतं. पाण्यात एक बोरा अर्धा बुडून पडला होता.

“आईच्या गावात,” मेश्राम म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “सॉरी मॅडम.”

बोरा बाहेर काढला. वरच्या टोकाला, जिथे तोंड सुतळीने शिवलेलं होतं आणि कापूस कमी होता, तिथे आरपार भोक. एका बाजूला भोकाभोवती गोणपाट जळून काळं ठिक्कर. दुसऱ्या बाजूला भोकातून पांढरा कापूस बाहेर आलेला, काजळीचा मागमूस नाही. सगळी काजळी, सगळी दारू, पहिल्या बाजूने आणि मधल्या कापसाने खाल्ली होती. छर्रे कापसातून जाताना एकमेकांवर आपटले आणि पसरले. म्हणून शरीरावर पोहोचले ते लांबून आल्यासारखे दिसले. टेबलवर मी जे लांबचं वाचलं होतं, ते हातभराच्या आतलं होतं.

गावंडे साहेबांनी फोन करून प्रफुलला ठाण्यातून शेतावर आणायला सांगितलं. तो येईपर्यंत आम्ही ते करून बघितलं. काठीची बंदूक केली. बंदूक सापडली तिथेच उभी ठेवली. दुसरा एक बोरा तिच्यापुढे टेकवला. गजाननच्या जागी मेश्राम.

“साहेब, मले कायले मारता? माया पोरीचं लग्न व्हायचं हाय अजून.”

“बोरा काढून बंदूक घ्या मेश्राम. अंधार आहे असं समजा.”

मेश्राम वाकले. बोऱ्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन वर ओढला. काठीचं टोक बोऱ्याच्या तोंडाआडून बरोबर त्यांच्या छातीसमोर आलं, किंचित खालून वर. गजाननच्या जखमेची दिशा तीच होती. बोऱ्याच्या तोंडाची लोंबती सुतळी काठीच्या खाली, घोडा जिथे असेल तिथे, अडकली. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. आम्ही तिघंही ती सुतळी बघत राहिलो.

भरमार एकदा भरली की रिकामी करायचा सोपा मार्ग एकच, ती उडवणं. म्हणून जागलीवर ती भरलेलीच ठेवतात. दवाने दारू सर्दावू नये म्हणून कापसाच्या आडोशाला ठेवतात. फॉरेस्टवाल्यांच्या नजरेत येऊ नये, हेही असतंच. घोड्याखालची टोपी तेवढी काढून खिशात टाकायची, हा नियम. त्या रात्री डुकरं पुन्हा पुन्हा येत होती. टोपी काढायची राहिली.

प्रफुल आला तोवर धुऱ्यावर गाव जमलं होतं. त्यात त्याची बहीणही होती. वंदना तिचं नाव. जावेच्या खांद्याला धरून उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं, भावाला शेतात आणलंय हे ऐकून आली होती.

ओला बोरा बघितला आणि प्रफुल तिथेच खाली बसला.

“हा तू ओढत नेला?” गावंडेंनी विचारलं.

“व्हय.”

“कशाला?”

“धुमसत होता ना साहेब. कापूस आतून जळते. वरून दिसत नाही. एक ठिणगी ढिगात गेली असती त सारं गेलं असतं. मी तिकडल्या धुऱ्यावर डबा वाजवत होतो. आवाज झाला त आलो पळत. हात आपोआपच बोऱ्यावर गेले.”

“आणि गजानन?”

त्याने फोड आलेल्या हातांकडे बघितलं.

“दिसले होते मले. पडेल होते. तरी पहिले बोरा ओढला. टाक्यात बुडवला. मंग भाऊजीकडे आलो.”

“अरे, मग हे परवापासून काहून नाही सांगितलं? फासावर जायची वेळ आली होती तुझ्यावर.”

“ताई होती ना तिथं. गाडीत बसवलं तवाही होती, दवाखान्यातही होती. तिच्यासमोर कसं सांगू साहेब, तुया नवऱ्याच्या पहिले कापूस वाचवला म्हणून?”

वंदनाताई जावेचा खांदा सोडून दोन पावलं पुढे आल्या. त्या भावाला मोठ्याने बोलल्या नाहीत. पण ऐकू सगळ्यांना आलं.

“प्रफुल, तू पहिले त्याह्यच्याकडे गेला असता त... वाचले असते का रे ते?”

तो नुसता मान हलवत राहिला, हो की नाही ते कळत नव्हतं.

या प्रश्नाकडे मी येते. त्याआधी निकाल सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला तो हवा असतो. प्रफुलला त्याच दिवशी घरी सोडलं. गोणपाट, कापूस, शर्ट आणि बंदूक प्रयोगशाळेत गेले. बंदुकीच्या घोड्यात अडकलेला सुतळीचा धागा आणि बोऱ्याची सुतळी एकाच जातीची निघाली. गोणपाटाच्या एकाच बाजूला दारूचे अंश सापडले. मी रिपोर्टमध्ये लिहिलं की गोळी जवळून लागली, मधे कापसाचा बोरा होता. अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं. बंदूक जमा झाली. सरांनी माझा रिपोर्ट वाचला आणि फक्त एक स्वल्पविराम बदलला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

यातून मी शिकले ते काही फार खोल नाही. अब्बा कधीही गिऱ्हाईकाने दुकानात आणलेला पंप नुसता तिथे बघून परत देत नाहीत. म्हणतात, दुकानात आणला की प्रत्येक पंप चालतो, बिघाड विहिरीवर असतो. मी इतकी वर्षं मेडिकलची पुस्तकं वाचून तिथेच पोहोचले. गोळीच्या मृत्यूत शरीर जखम सांगतं. मधे काय होतं, ते जागाच सांगते. टेबलवर बसून मी एका निरपराध माणसाविरुद्ध अगदी शास्त्रशुद्ध मत दिलं असतं. पुस्तकातल्या प्रत्येक ओळीला धरून.

म्हणून सरांची मी ऋणी आहे, त्यांनी मला एकटीला पाठवलं म्हणून. गावंडे साहेबांची, त्यांनी अटक एक दिवस थांबवली म्हणून. मेश्रामकाकांची, गमबुटांसाठी. गमबूट मी धुऊन परत पाठवले. त्यांनी निरोप दिला, “ठेवून घ्या मॅडम, पुढच्या खेपेले लागतीन.” आता ते माझ्या कपाटाखाली असतात आणि खरंच लागतात.

आणि प्रफुलची. हे विचित्र वाटेल. पण शेड पेटलं असतं तर बोरा, बंदूक, सुतळी, सगळंच राख झालं असतं आणि बॉडीही. त्याच्या भाजलेल्या हातांनी नकळत सगळा पुरावा पाण्यात नेऊन ठेवला होता. त्याला ते माहीत नव्हतं. त्याला फक्त आधी आणि नंतर एवढंच दिसत होतं.

आता धुऱ्यावरचा तो प्रश्न.

वंदनाताईंनी विचारलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. गावंडे साहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मेश्रामांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली, जणू मला अडचणीत टाकायचं नव्हतं. त्या शेतात उत्तर माहीत असलेली एकच व्यक्ती होती. आदल्या दिवशी ते हृदय मी हातात धरून बघितलं होतं. ते एका जागी फाटलेलं नव्हतं. अनेक जागी फाटलेलं होतं. असं झालं की माणूस काही क्षणांत शुद्ध हरपतो. ऑपरेशन थिएटरच्या दारात गोळी लागली असती, तरी आम्ही त्याला आत नेऊ शकलो नसतो.

नातेवाइकांशी काय बोलायचं, हे आम्हाला कुणी शिकवत नाही. बोलू नका, रिपोर्ट बोलेल, एवढंच शिकवतात. रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. आणि तो इंग्रजीत असणार होता.

मी त्या मोठाल्या बुटांतून ढेकळं तुडवत धुऱ्यापर्यंत गेले. माझा आवाज फुटेल की नाही, मला खात्री नव्हती. तो फुटला तेव्हा दुकानाच्या काउंटरमागे ऐकलेल्या बोलीत फुटला.

“नाही वाचले असते, ताई. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं हाय. छर्रे काळजातून गेलते. प्रफुल त्याह्यच्या बाजूले बसून असता, तरी काही नसतं झालं. मी डॉक्टर हाय, मी तिथं उभी असती, त मलेही नसतं जमलं.”